चतुर्थी नसलेला मंडप: 'स्टार सिटिझन' नेमका कुठं अडलाय आणि आपण काय तयारी ठेवावी

गणपतीची वर्गणी दिली म्हणून मूर्ती आपल्या नावावर होत नाही, हे शहापूर-टिळकवाडीतल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पावती मिळते, आरतीला मान मिळतो, देखाव्याबद्दल हक्कानं बोलता येतं. पण देखावा ठरल्यासारखा उभा राहणार का, हे मंडळाच्या हातात असतं. 'स्टार सिटिझन' या अंतराळातल्या ऑनलाइन खेळाची बेळगाव, निपाणी, खानापूर भागातली पोरं-पोरी डोळ्यांत तेल घालून वाट बघतायत, आणि हा खेळ असाच समजून घ्यायला हवा. वर्गणीवर उभा राहत असलेला, अजून बांबू दिसत असलेला हा मंडप आहे. आत जाता येतं, बघता येतं, खेळताही येतं. गणपतीच्या मंडपाशी फरक एकच, पण तो मोठा आहे: तिथं चतुर्थी ठरलेली असते, तयारी झाली नाही तरी मूर्ती त्या दिवशी बसतेच. इथं चतुर्थीच नाही.

पैशाचा हिशेब आधी मांडू, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. १९९० मध्ये 'विंग कमांडर' हा गाजलेला खेळ करणाऱ्या ख्रिस रॉबर्ट्स यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टार सिटिझनची घोषणा केली आणि लोकांकडं थेट पैसे मागितले. किकस्टार्टर या संकेतस्थळावर मागणी ५ लाख डॉलरची होती, जमले २१ लाख ३४ हजार. स्वतःच्या संकेतस्थळावरचे धरून नोव्हेंबरअखेर आकडा ६२ लाखांच्या आसपास गेला. खेळ २०१४ मध्ये येणार होता. पण वर्गणी थांबली नाही. २०१८ मध्ये एकूण २० कोटी डॉलर झाले, २०२२ मध्ये ५० कोटी, २०२५ मध्ये ८० कोटींच्या पुढं.

इथं मंडळाचं उदाहरण तंतोतंत बसतं. समजा पन्नास हजारांचा साधा मंडप ठरला होता आणि पाच लाख जमले. मग कुणीतरी म्हणतं, कमान मोठी करू. कुणी म्हणतं, हलता देखावा करू. प्रत्येक सूचना चांगलीच असते, पण हलत्या देखाव्याला मोटार लागते, मोटारीला वेगळी लाईन लागते, त्या वजनाला खालचा पाट बदलावा लागतो. या खेळात नेमकं हेच झालं. रकमेचा एकेक टप्पा गाठला की नवं वचन दिलं जायचं. ६० लाख डॉलरच्या टप्प्याला शंभर तारका-व्यवस्था (एक तारा आणि त्याच्याभोवतीचे ग्रह म्हणजे एक व्यवस्था) देऊ, असं ठरलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यातली दुसरी उघडली. पहिली स्टँटन, दुसरी पायरो. 'स्क्वॉड्रन ४२' हा एकट्यानं खेळायचा कथाभाग मुळात २०१४ मध्ये यायचा होता. तो २०२६ मध्ये येईल असं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं.

त्याच हंगामात इंग्लंडच्या डेव्हिड ब्रेबन यांनी 'एलिट डेंजरस'साठी किकस्टार्टरवर पैसे मागितले. १२.५ लाख पौंडांची मागणी, जमले १५ लाख ७८ हजार. त्यांनी मोजकं ठरवलं आणि डिसेंबर २०१४ मध्ये खेळ बाजारात आणला. पण तिथंही वर्गणीदारांना चटका बसलाच. इंटरनेटशिवाय खेळता येईल हे वचन प्रकाशनाच्या जेमतेम महिनाभर आधी मागं घेतलं गेलं. लोक चिडले, पैसे परत मागू लागले. म्हणजे वेळेत पूर्ण झालेल्या खेळातसुद्धा वर्गणी ही वर्गणीच राहते. हे कळलं की मग खेळाच्या अडचणी रागानं नाही, समजुतीनं बघता येतात. आणि त्या अडचणी खरोखर बघण्यासारख्या आहेत.

अंतराळ कॉम्प्युटरला का झेपत नाही

खेळातली प्रत्येक वस्तू कुठं आहे, हे कॉम्प्युटर आकड्यात लिहून ठेवतो: शून्य बिंदूपासून इतके मीटर पूर्वेला, इतके उत्तरेला, इतके वर. बहुतेक खेळ हा आकडा ३२ बिटांत ठेवतात. ३२ बिटांत साधारण सातच अंक नीट मावतात. आकडा मोठा झाला की पुढचे अंक सांभाळताना मागचे गळतात. फूटपट्टी तीच राहते, तिच्यावरच्या खुणा मात्र लांब-लांब जातात.

शून्य बिंदू बेळगावच्या चन्नम्मा चौकात रोवला असं समजा. चौकातल्या माणसाची जागा केसाहून बारीक मोजता येईल. निपाणी रस्त्यानं सुमारे ७५ किलोमीटर. तिथं उभ्या माणसाची जागा जवळपास ८ मिलिमीटरच्या टप्प्यांत मोजली जाईल, म्हणजे तो हलला तर ८ मिलिमीटरच्या उड्या मारतच हलेल. बेंगळुरूला, ५०० किलोमीटरवर, टप्पा ३ सेंटिमीटरचा. दिल्लीला साडेबारा सेंटिमीटर. दहा हजार किलोमीटरवर टप्पा थेट एक मीटर. तिथं माणूस चालणारच नाही, एका जागेवरून नाहीसा होऊन मीटरभर पुढं उगवेल. आणि पृथ्वी ते सूर्य, १५ कोटी किलोमीटर? टप्पा १६ किलोमीटरचा! चन्नम्मा चौकातली गाडी पुढच्या क्षणी खानापूरच्या निम्म्या वाटेवर.

म्हणून जुन्या खेळांत लांब गेलं की हातातली बंदूक थरथरायची, चेहऱ्याचे कोपरे हलायचे. खेळाडूला वाटायचं ग्राफिक्स कार्ड बिघडलं. बिघाड आकड्यात असायचा.

स्टार सिटिझनचा पाया क्रायइंजिन हा होता; इंजिन म्हणजे ज्याच्यावर खेळ उभा करतात ते तयार सॉफ्टवेअर. ते इंजिन काही किलोमीटरच्या नकाशात पायी फिरून गोळीबार करण्यासाठी बनवलेलं. त्याच्या पोटातला जागा मोजण्याचा सगळा हिशेब ६४ बिटांवर न्यावा लागला. ६४ बिटांत १५ कोटी किलोमीटरवरसुद्धा टप्पा राहतो ०.०३ मिलिमीटर, म्हणजे तीन शतांश. उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये व्हर्नियर बाजूला ठेवून मायक्रोमीटर हातात घ्यावा लागतो, तसल्या मापाची अचूकता, आणि तीही सूर्याएवढ्या अंतरावर. हे ज्या कुणी केलं त्यांच्या कामाचं कौतुक मोकळ्या मनानं करायला हवं. डिसेंबर २०१५ मधल्या अल्फा २.० मध्ये (अल्फा म्हणजे खेळाची अजून अपुरी, चाचणीतली आवृत्ती) पहिल्यांदा असं मोठं अंतराळ लोकांना वापरायला मिळालं.

मात्र ग्राफिक्स कार्ड अजूनही ३२ बिटांतच झपाझप काम करतं. त्यावर तोड अशी की चित्र काढताना शून्य बिंदू दर वेळी बघणाऱ्याच्या डोळ्यापाशी आणायचा. जवळचं अचूक दिसतं. लांबचं थोडं ढोबळ झालं तरी डोळ्याला कळत नाही.

जहाजाच्या आतली गोष्ट निराळी. बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या बसमध्ये चौदा नंबरच्या सीटवरचा माणूस उठून दारापर्यंत जातो. बसच्या हिशेबानं तो चार पावलं चालला. रस्त्याच्या हिशेबानं त्याच वेळात तो शंभर मीटर पुढं गेला. स्टार सिटिझनमध्ये प्रत्येक मोठ्या जहाजाला आतला असा वेगळा हिशेब असतो. जहाज गरगर फिरत असलं तरी आत माणसं सरळ चालतात, खोकी जागेवर राहतात. दारातून बाहेर पडताना माणसाला बसच्या हिशेबातून रस्त्याच्या हिशेबात द्यावं लागतं. ही देवघेव एका क्षणानं चुकली की माणूस जमिनीतून आरपार जातो किंवा लिफ्टच्या बाहेर लटकतो. या खेळातल्या ज्या चुकांचे व्हिडिओ सगळीकडं फिरतात, त्यातल्या बऱ्याचशा या एकाच उंबरठ्यावरच्या असतात. म्हणून लिफ्ट चालू असताना उड्या मारू नयेत आणि उडत्या जहाजाचा रॅम्प उघडून काठावर उभं राहू नये. ही सवय लावली तर निम्मे अपघात टळतात.

रांगोळीचा नियम

चंद्र आणि ग्रह एवढे मोठे कसे बनवतात, हा प्रश्न हमखास येतो. स्टँटनमधल्या डेमार नावाच्या चंद्राची त्रिज्या सुमारे २९५ किलोमीटर आहे. म्हणजे पूर्ण फेरी साडेअठराशे किलोमीटरच्या आसपास, बेळगाव-बेंगळुरूच्या पावणेचार खेपा. एवढ्या जमिनीवरचा दगडन् दगड कुणी हातानं मांडत नाही. 'पंधरा ते आठ ठिपके' एवढं फोनवर सांगितलं की अनगोळमधल्या आणि चिकोडीतल्या अंगणात ठिपके सारखेच पडतात. रांगोळी पाठवावी लागत नाही, नियम पाठवला की पुरतं. १९८४ च्या मूळ 'एलिट'मध्ये हीच युक्ती होती. आजच्या एका फोटोएवढीही जागा नसलेल्या यंत्रात प्रत्येकी २५६ ग्रहांच्या आठ आकाशगंगा मावल्या होत्या. 'एलिट डेंजरस'मधल्या सुमारे ४०० अब्ज तारका-व्यवस्था याच वाटेनं उभ्या राहिल्या. स्टार सिटिझनमध्ये नियमानं जमीन तयार होते आणि शहरं, तळ, गुहा यांवर माणसं हात फिरवतात. वेळ खातं ते हे हात फिरवणं.

हद्द ओलांडताना

आता सगळ्यात अवघड भागाकडं येऊ. त्याच्यावरच एवढी वर्षं गेली आहेत.

संक्रांतीला दहा जणींनी एकमेकींना तिळगूळ द्यायचा तर ९० वड्या लागतात. पन्नास जणी जमल्या तर २,४५०. शंभर जणी, ९,९००. माणसं दहापट झाली की देवाणघेवाण शंभरपटीच्या वर जाते. ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरचं, म्हणजे सगळ्यांचा खेळ एकत्र चालवणाऱ्या लांबच्या कॉम्प्युटरचं, नेमकं हेच दुखणं. एकानं पाऊल टाकलं की बाकी सगळ्यांना कळवायचं, आणि हे सेकंदाला तीसेक वेळा. पहिला उपाय म्हणजे जवळच्यांनाच कळवायचं. डेमारवरच्या माणसाची हालचाल दुसऱ्या ग्रहावरच्याला कशाला हवी? त्यानं ओझं बरंच उतरतं. पण एकच सर्व्हर अख्खी व्यवस्था ओढत असला की शंभर खेळाडूंच्या पुढं त्याचा श्वास लागतोच.

श्वास लागतो म्हणजे काय होतं, ते ओळखता यायला हवं. सर्व्हर सेकंदाला ३० वेळा हिशेब करतो तेव्हा प्रत्येक फेरीला ३३ मिलिसेकंद मिळतात. ओझं वाढून तो सेकंदाला ५ फेऱ्यांवर आला की फेरी २०० मिलिसेकंदांची होते. मग दार दोन सेकंदांनी उघडतं, शत्रू पुतळ्यासारखे उभे राहतात, उचललेलं खोकं हातात येत नाही. अशा वेळी तुमच्या पडद्यावरचं चित्र मात्र गुळगुळीतच असतं. इथं बरेच जण नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघतात. त्यानं कणभर फरक पडत नाही. सर्व्हर बदलून बघा, नाहीतर गर्दी कमी असेल त्या वेळी या.

खरा उपाय म्हणजे काम अनेक सर्व्हरांत वाटून देणं. त्याला सर्व्हर मेशिंग म्हणतात. हे समजायला सीमाभागातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. निपाणीहून कागलकडं जाताना कोगनोळीच्या पुढं राज्य बदलतं. फोनवर बोलता बोलता हद्द ओलांडली की मागचा टॉवर तुम्हाला सोडतो, पुढचा धरतो. धरणं आधी आणि सोडणं नंतर झालं तर बोलणं तुटत नाही. उलटं झालं तर 'हॅलो, हॅलो' सुरू.

खेळात हद्दीवर प्रश्न आणखी टोकदार होतो. जहाज अलीकडच्या सर्व्हरच्या ताब्यात, समोरचं पलीकडच्या. अलीकडून गोळी सुटली. ती लागली की नाही, हे कुणी ठरवायचं? दोघांनी ठरवलं तर एकाच्या पडद्यावर जहाज फुटेल, दुसऱ्याच्या पडद्यावर ते शाबूत राहील. म्हणून प्रत्येक वस्तूची मालकी एका वेळी एकाच सर्व्हरकडं असते. दुसऱ्याकडं नुसती बघायची प्रत. हद्द ओलांडली की मालकी हस्तांतरित होते. आणि हे हस्तांतर जहाज, त्यातली चार माणसं, त्यांच्या हातातल्या बंदुका, मागची चाळीस खोकी, सगळ्यांचं एकदम व्हावं लागतं. एक खोकं मागं राहिलं तरी ते अधांतरी लटकतं.

याच्यासाठी दप्तर सर्व्हरच्या बाहेर काढावं लागलं. तलाठी बदलला, रजेवर गेला, तरी शेताचा उतारा दप्तरात राहतो. नवीन तलाठी येतो आणि त्याच कागदावरून पुढं काम करतो. पूर्वी खेळाचा सर्व्हर पडला की त्याच्या डोक्यातलं सगळं जायचं. पडद्यावर ३०००० हा आकडा यायचा आणि तीन तासांचा माल मातीत. या आकड्याची धास्ती जुन्या खेळाडूंना अजून वाटते. मार्च २०२३ च्या अल्फा ३.१८ मध्ये वस्तूंची कायमची नोंद ठेवणं सुरू झालं. टाकलेली बाटलीसुद्धा तिथंच पडून राहू लागली. त्या पहिल्या दिवसांत नोंदींचा भार एवढा झाला की पुष्कळांना आत शिरताच येईना. पुढं दप्तर वेगळं झालं आणि डिसेंबर २०२४ च्या अल्फा ४.० मध्ये सर्व्हर मेशिंग सर्वांसाठी आलं. एका जगात शंभरावर अडलेली संख्या पाचशेच्या घरात गेली.

तरी हे अजून अर्धंच आहे. सध्याच्या हद्दी आखून दिलेल्या आहेत: हा भाग या सर्व्हरचा, तो त्याचा. गर्दी एकाच जागी लोटली तर तिथला सर्व्हर दमतो आणि शेजारचा रिकामा बसतो. गर्दीप्रमाणं हद्दी आपोआप सरकवणं ही पुढची पायरी. ती जमली की शेकडो जहाजांची लढाई एकाच आकाशात खरोखर शक्य होईल. उत्सुकता धरायचीच असेल तर नव्या जहाजांच्या चित्रांची धरू नका, या पायरीची धरा.

घरची तयारी

एसएसडी हवीच. साध्या हार्डडिस्कवर हा खेळ चालवू नये, शहरात उतरताना जमीन आपल्या नंतर येते. जागा शंभर जीबीच्या वर मोकळी ठेवा. रॅम किमान १६ जीबी सांगतात, पण १६ वर मोठ्या शहरात झटके बसतात. दोन गोष्टींतली एकच परवडत असेल तर ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी रॅम ३२ करा, असं आमचं ठाम मत आहे. विंडोज ६४ बिट. नवीन आवृत्ती आल्यावर चित्र विचित्र दिसलं तर शेडरचं (चित्र रंगवण्याच्या साठवलेल्या सूचनांचं) जुनं फोल्डर पुसा आणि लाँचरमधून, म्हणजे खेळ उतरवून सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, फायली तपासून घ्या. सगळं काढून पुन्हा घालायची गरज क्वचितच पडते.

उतरवून घ्यायला वेळ किती? १०० जीबीला ४० एमबीपीएसच्या लाईनवर साडेपाच तास, १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल डेटावर पन्नास दिवस, म्हणजे तो नाद सोडा. एकदा उतरवल्यावर मात्र खेळताना डेटा फारसा लागत नाही. तेव्हा महत्त्व येतं ते निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेला. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. बेळगाव ते सिंगापूर सरळ रेषेत ३,६०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३६ मिलिसेकंद. फ्रँकफर्ट सुमारे ७,००० किलोमीटर, किमान ७०. तार सरळ जात नाही, वाटेत थांबे असतात, त्यामुळं प्रत्यक्षात याच्या दुप्पटही होतं. कितीही महाग प्लॅन घेतला तरी हा वेळ कमी होत नाही, म्हणून मेनूत सर्व्हरचा प्रदेश निवडताना जवळचा निवडा. वाय-फायऐवजी राउटरपासून लॅन केबल टाका. ठरलेल्या दीडशे मिलिसेकंदांची हाताला सवय होते. कधी साठ, कधी तीनशे असं झालं तर नेम बसत नाही.

आणि लाईट. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी बाजूला क्षणभराची झपकी नेहमीचीच. खेळताना कॉम्प्युटर ३५० ते ४५० वॅट खेचतो. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, त्यामुळं लाईट गेली की ओझ्यानं तोही बसतो आणि लोक बॅटरीला दोष देतात. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. पाच-सात मिनिटं मिळाली तरी नीट बाहेर पडता येतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्यावरचा 'यूपीएस' मोडचा खटका चालू आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईन बदलायला जो वेळ जातो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर घ्यायला विसरू नका. कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद, याचा काय उपयोग?

उडवताना पहिली चूक

नवखा माणूस जहाज मोटारसायकलसारखं चालवतो आणि तळावर आपटतो. अंतराळात हवा नाही, घर्षण नाही. इंजिन सोडलं तरी जहाज त्याच वेगानं जातच राहतं. सुरुवातीला जहाजाचा कॉम्प्युटर मदत करतो. तुम्ही बटण सोडलं की तो उलटे झोत मारून थांबवतो. ही मदत काढून टाकता येते, मग नाक मागं वळवलं तरी जहाज पुढंच सरकत राहतं. पाठलाग करणाऱ्यावर उलटं तोंड करून मारा करता येतो तो याच्यामुळं.

थांबण्याचं गणित पाठच करून ठेवा. वेग सेकंदाला २०० मीटर आणि ब्रेकची ताकद सेकंदाला २० मीटरनं वेग कमी करण्याची असेल तर थांबायला १० सेकंद आणि १ किलोमीटर लागतो. वेग दुप्पट केला, ४०० मीटर, तर वेळ दुप्पट होतो पण अंतर चौपट, ४ किलोमीटर. पोटात माल भरला की जहाज जड होतं आणि हे अंतर आणखी वाढतं. तळ डोळ्याला दिसू लागल्यावर ब्रेक मारला तर उशीर झालेला असतो. अंतराचा आकडा बघून मारा.

वर्गणी किती द्यावी

सर्वात लहान जहाजाचं पॅकेज, ज्यात खेळ येतो, साधारण ४५ डॉलरचं, वर कर. डॉलर ८५ रुपये धरला तर ३,८२५. बँक परदेशी व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के आणि त्या रकमेवर जीएसटी लावते, त्याचे दीडशेच्या आसपास धरा. नवीन कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आपण चालू केल्याशिवाय चालत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा पाच हजारांची ठेवा आणि काम झालं की बंद करा.

या पॅकेजपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका, हे कळकळीनं सांगतो. जहाजं शेकडो डॉलरला विकली जातात, काही तर नुसती चित्रात असताना. २०१८ मध्ये २७,००० डॉलरचा एक गठ्ठा होता, आणि तो बघायलासुद्धा आधी १,००० डॉलर दिलेले असावे लागत. बहुतेक जहाजं खेळातल्याच पैशानं, माल वाहून, खाण खोदून विकत घेता येतात. तीच तर खरी गंमत आहे. अल्फाच्या काळात हे खेळातले पैसे आणि त्यांतून घेतलेलं कधीकधी पुसलं जातं, हे धरून चाला. खऱ्या पैशाची जहाजं खात्यावर राहतात आणि याच भीतीपोटी लोक खिसा उघडतात. पुसलं गेलं तरी हाताला आलेली सफाई कुणी पुसत नाही. पुढच्या वेळी तेच जहाज निम्म्या दिवसांत उभं राहतं.

लहान जहाजांत ऑरोरा एमआर आणि मस्टँग अल्फा हे दोन पर्याय. मस्टँगमध्ये ४ एकक माल मावतो, ऑरोरात ३ (एक एकक म्हणजे सव्वा मीटर बाजूचं खोकं). मस्टँग चपळ आहे. पण ऑरोरात पलंग आहे, त्याच्यावर आडवं होऊन कुठूनही खेळाबाहेर पडता येतं, आणि आपल्याकडच्या लाईटचा विचार करता तो एका खोक्यापेक्षा मोलाचा.

त्याहून चांगलं म्हणजे आधी फुकट बघा. वर्षातून काही वेळा आठवडाभर खेळ सर्वांसाठी खुला करतात. त्याला फ्री फ्लाय म्हणतात. खातं उघडायचं, लाँचर उतरवायचा, आणि गर्दी असणार हे धरून शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळून पहाटे बसायचं. 'एफ' दाबून धरलं की वस्तू हाताळता येतात, 'वाय' दाबून धरलं की खुर्चीतून उठता येतं. खुर्चीत बसून 'आर' दाबलं की जहाज तयार होतं. ऑल्ट धरून 'एन' दाबा, तळाकडून परवानगी येते आणि डोक्यावरचं दार उघडतं. सावकाश वर या. मोकळ्या जागेत वेग शंभरावर नेऊन मदत बंद करा, नाक चहूकडं फिरवा आणि जहाज कसं सरकत राहतं ते बघा. मग 'एक्स' धरून थांबवा. माल, लढाई, दुसरी तारका-व्यवस्था, काही नको. पहिल्या दिवशी एवढंच.

परत यायचं नसेल तर शांत जागा बघून इंजिन बंद करा, मागच्या खोलीत जा, पलंगावर आडवे व्हा आणि तिथूनच खेळाबाहेर पडा. पुढच्या वेळी त्याच पलंगावर जाग येते.